मी, आम्ही, आपण : डीआयडीसोबत राहताना

निरगुडी | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. सात वर्षं इथे वाचतेय, पाककृतींच्या धाग्यांवर चार-दोन प्रतिसाद दिलेत, पण स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय. गेल्या आठवड्यात एका चर्चेत कुणीतरी लिहिलं, "त्या पुढाऱ्याची स्प्लिट पर्सनॅलिटी आहे, सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरं." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. तरी दोन रात्री झोप नीट लागली नाही, कारण तो आजार मला आहे.

वय ४१. माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं, आता पुण्यात. पतसंस्थेत नोकरी, नवरा, ११ वर्षांची मुलगी. निदान ३४व्या वर्षी झालं. कागदावर 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर', घरात आम्ही डीआयडी म्हणतो.

एका अंगात अनेक माणसं, हे ऐकलं की लोक पुढे सरकून बसतात. मला मात्र या आजाराची ओळख वेळ हरवण्यातून झाली. दुपारचे दोन वाजलेले असतात, समोर खातेदाराची पासबुकं असतात. पुढची आठवण साडेसहाची, मी स्वारगेटला उभी. मधल्या वेळात कॅश जुळवलेली असते, सह्या झालेल्या असतात, मॅनेजरशी बोलणंही झालेलं असतं. काम चुकलेलं नसतं. ते करताना मी तिथे नव्हते, एवढंच. पर्समध्ये मिरजेचं एसटीचं तिकीट सापडतं. फ्रिजमध्ये किलोभर भेंडी असते, आणि मी भेंडी कधी आणत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "काल किती छान गप्पा मारल्यास गं." मी हसून "हो ना" म्हणते. असं "हो ना" म्हणण्यात माझी वीस वर्षं गेली. कॉलेजात सगळे मला विसरभोळी म्हणायचे, त्यात लपायला सोपं गेलं.

निदानाआधी बरंच झालं. चौदाव्या वर्षी दातखीळ बसायची, तेव्हा गावात कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. मग फिटचं औषध. डोक्याचा आलेख स्वच्छ आला, तेव्हा "हिस्टेरिया आहे, लग्न करून द्या, बरी होईल." पुढे नैराश्य, मग बायपोलर, मग डोक्यात आवाज येतात म्हटल्यावर स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या. त्यांनी वजन १४ किलो वाढलं, आवाज होते तिथेच राहिले. शेवटी एका मॅडमनी तिसऱ्या भेटीत साधा प्रश्न विचारला, "तुमच्या घरात अशा वस्तू सापडतात का, ज्या तुम्ही आणल्याचं तुम्हाला आठवत नाही?" मी रडायलाच लागले. तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

लहानपणी काय झालं ते इथे लिहिणार नाही. घरातल्याच एका माणसाकडून झालं, वर्षानुवर्षं झालं आणि सांगायची सोय नव्हती, एवढं पुरे. बाकी विचारा. जमेल तेवढी उत्तरं देईन.

माधुकरी | शनिवार, रात्री ११.०२

निरगुडी, त्या हसऱ्या चेहऱ्यांपैकी एक माझा होता. मनापासून माफी मागते.

एक विचारू? शाळेत आम्हाला स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व असं शिकवलं होतं. मग तो आणि हा एकच का?

मनोगती | रविवार, सकाळी ८.३०

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, बावीस वर्षं काम करते. निरगुडी माझ्या रुग्ण नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी न बोलता आजाराविषयी लिहिते.

माधुकरी, हे दोन वेगळे आजार आहेत. गोंधळ शब्दामुळे झाला. १९०८ साली ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द ग्रीकवरून घडवला, त्याचा शब्दशः अर्थ फाटलेलं मन. विचार आणि भावना यांचा एकमेकांशी धागा तुटतो, असं त्याला म्हणायचं होतं. एका देहात दोन व्यक्ती असा अर्थ त्याच्या मनात नव्हता. मराठीत आपण त्याचं 'छिन्नमनस्कता' केलं आणि गैरसमजही सोबत आला. स्किझोफ्रेनियात वास्तवाची पकड सुटते. डीआयडीत मी कोण आहे, याचे कप्पे पडतात आणि कप्प्यांच्या मध्ये स्मृतीच्या भिंती असतात. आवाज दोन्हीकडे ऐकू येऊ शकतात, म्हणूनच निदान चुकतं.

१८८९ साली फ्रान्समध्ये पिएर जाने याने अशा रुग्णांबद्दल सविस्तर लिहिलं. अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली 'मल्टिपल पर्सनॅलिटी' हे स्वतंत्र निदान आलं आणि १९९४ मध्ये नाव बदलून आजचं झालं. तो बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या नावामुळे वाटायचं की या माणसाकडे व्यक्तिमत्त्वं जास्त आहेत. खरं दुखणं उलट आहे. एक सलग 'मी' तयार व्हायचाच राहून गेलेला असतो. सलग 'मी' घेऊन कुणीच जन्माला येत नाही. भुकेलं बाळ, रागावलेलं बाळ, हसरं बाळ या सुट्या अवस्था असतात आणि सांभाळणाऱ्या माणसांच्या आधाराने पहिल्या काही वर्षांत त्या एकत्र विणल्या जातात. ज्या मांडीवर झोपायचं तीच मांडी भीतीची असेल, तर ही वीण होत नाही. सकाळी त्याच माणसाच्या हातचं दूध प्यायचं असतं. म्हणून रात्रीची आठवण एका कप्प्यात जाते, शाळेत जाणारी मुलगी दुसऱ्या कप्प्यात राहते. त्या वयात जिवंत राहायला तोच एक मार्ग असतो.

अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या सुमारे ९० टक्के रुग्णांनी बालपणीचं शोषण किंवा आबाळ सांगितली आहे. अमेरिकेतल्या एका छोट्या समाज-पाहणीत हा आजार सुमारे दीड टक्का प्रौढांत आढळला, स्त्री-पुरुष जवळजवळ सारखेच. आपल्याकडच्या परिस्थितीचा अंदाज यायला दुसरा एक आकडा देते. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. प्रत्येक पीडित मुलाला डीआयडी होत नाही, मुळीच नाही. पण "आपल्याकडे असलं काही नसतं" असं म्हणायला जागा उरत नाही.

तर्कवेडा | रविवार, सकाळी १०.१०

निरगुडी, तुमच्या वेदनेवर शंका नाही, हे आधीच स्पष्ट करतो. प्रश्न निदानाबद्दल आहे.

१९७३ साली अमेरिकेत सोळा व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका स्त्रीवरचं पुस्तक आलं, ते लाखोंनी खपलं, १९७६ मध्ये टीव्हीवर चित्रपट आला. त्याआधी जगभरात अशा रुग्णांच्या नोंदी फारच थोड्या होत्या, पुढच्या दोन दशकांत एकट्या अमेरिकेत त्या हजारोंवर गेल्या. त्या बाईंना उपचारात पेंटोथाल हे गुंगीचं औषध दिलं जात होतं. १९५८ मध्ये त्यांनी स्वतः डॉक्टरांना पत्र लिहून हे सगळं आपण रचलं असं म्हटलं होतं, नंतर ते मागे घेतलं. मग डॉक्टरच सुचवतात आणि रुग्ण तसं वागू लागतो, असं का मानू नये?

मनोगती | रविवार, दुपारी १२.४५

तर्कवेडा, प्रश्न योग्य आहे आणि तुम्ही दिलेला इतिहास खरा आहे. त्या काळात संमोहन आणि औषधं वापरून आठवणी 'बाहेर काढल्या' गेल्या. त्यातल्या काही घडलेल्याच नव्हत्या आणि त्यापायी घरं मोडली. माझ्या क्षेत्राने याची जबाबदारी घेतलीच पाहिजे. म्हणून चांगला उपचारक आज आठवणी खणत नाही, "तुमच्यात अजून कोण आहे?" असं खोदून विचारत नाही, आतल्या वेगवेगळ्या भागांना नावं देत नाही.

पण सगळंच सुचवण्यातून येतं, असं म्हटलं तर काही गोष्टींचा उलगडा होत नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ रुग्ण आणि १८ निरोगी लोक घेतले. त्या १८ जणांत कल्पनेत सहज रमणारेही होते. त्यांना दोन ओळखींचं सोंग नीट शिकवलं. मग मेंदूतला रक्तप्रवाह आणि हृदयाचे ठोके मोजले. रुग्णांच्या अवस्था बदलताना शरीरात जे घडलं, ते सोंग घेणाऱ्यांत घडलं नाही. अभ्यास लहान आहे, वाद त्याने मिटत नाही. पण "नाटक करतेय" हे वाक्य रुग्णाच्या तोंडावर बोलण्याआधी तो जरूर वाचावा.

आणि निरगुडीच्या पहिल्या लेखाकडे पुन्हा बघा. त्यांना चौदाव्या वर्षापासून कुणी डीआयडी सुचवलेलाच नाही. सुचवलं ते बाकी सगळं.

तर्कवेडा | रविवार, दुपारी १.२०

शेवटचा मुद्दा मान्य. तो माझ्या नजरेतून सुटला होता.

वारणाकाठ | रविवार, दुपारी ३.५५

आमच्या आत्याची गोष्ट सांगतो. आत्याच्या अंगात यायचं. देवीचं नव्हे, तिच्या मेलेल्या जावेचं. आवाज बदलायचा, "माझं सोनं दे" म्हणायची. आजोबांनी उतारे केले, अंगारे केले, गाणगापूरला नेलं. शेवटी एका देवऋष्याने मिरचीची धुरी दिली आणि वेताने मारलं. मी सात वर्षांचा होतो, पडवीत उभा होतो. मारताना आत्या मध्येच लहान मुलीसारखी "आई, आई" करायला लागली, तर तो म्हणाला, "बघा, नवीन निघालं." आता पन्नाशी ओलांडली तरी ते आठवलं की जेवण जात नाही.

आत्या २००४ मध्ये गेली. तिलाही हेच असेल का? आणि मग दरवर्षी जत्रेत ज्यांच्या अंगात येतं, ते सगळे आजारी म्हणायचे का?

निरगुडी | रविवार, संध्याकाळी ७.३०

वारणाकाठ, तुमच्या आत्याला काय होतं हे मी कशी सांगणार? पण ती "आई, आई" करणारी मुलगी माझ्या ओळखीची आहे. मलाही एकदा नेलं होतं. त्या दिवसापासून कापूर आणि ऊद यांचा वास आला की मी 'जाते'. आरतीच्या वेळी घरात गॅलरीत उभी राहते. सासूबाईंना आधी राग यायचा. आता त्या स्वतःच नुसती तुपाची निरांजनं लावतात.

आजचा कायदा तुमच्या आत्याच्या वेळी नव्हता. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डॉ. दाभोलकर त्याच वर्षी २० ऑगस्टला गेले आणि मग तो अध्यादेश निघाला, हे आठवलं की आजही गलबलतं.

मनोगती | रविवार, रात्री ९.१०

जत्रेचं उत्तर सरळ आहे : नाही. पालखी आली की अंगात येतं, समाज त्याला जागा देतो, ढोल थांबले की बाई पदर सावरून प्रसाद वाटायला बसते. त्यात तिचं काही मोडत नाही. निदानाच्या निकषांतच लिहिलं आहे की समाजमान्य धार्मिक रीतीचा भाग असेल तर त्याला आजार म्हणायचं नाही. अंगात येणं नको तेव्हा येतं, थांबवता येत नाही, त्याने संसार-नोकरी विस्कटते आणि माणूस त्यात पिळून निघतो, तेव्हा उपचारांची गरज असते. २०१३ च्या अमेरिकी पुस्तिकेने प्रथमच कबूल केलं की काही संस्कृतींत डीआयडी 'झपाटल्या'सारखी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत झपाटल्याच्या अवस्थेला वेगळी जागा आहे आणि 'अंशतः डीआयडी' असाही एक प्रकार आहे.

आपल्याकडचं मन घरात जी भाषा ऐकतं, त्या भाषेत फुटतं, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं. अमेरिकेत 'दुसरी मी' येते. आपल्याकडे मेलेली जाऊ येते, सटवाई येते. १९८९ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी तीन भारतीय रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी आणि नंतरही इथे बहुतेक जण 'झपाटणं' किंवा 'हिस्टेरिया' या खात्यात जमा होत राहिले.

संत्रानगरी | रविवार, रात्री ९.४०

आमच्या नागपुरात १९७४ साली अशी एक गोष्ट फार गाजली होती. तिशीतल्या, शिकवण्याचं काम करणाऱ्या मराठी बाई मधूनच बंगाली बोलू लागायच्या, बंगाली पद्धतीची साडी नेसायच्या, स्वतःचं नाव वेगळं सांगायच्या, घरच्यांना ओळखायच्या नाहीत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्हनसन आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या सतवंत पसरिचा यांनी तिचा अभ्यास केला. स्टीव्हनसन यांचा कल पुनर्जन्माकडे होता, इतरांनी मनाचं विघटन म्हटलं. माझी आई तेव्हा तिथे कॉलेजात होती. ती म्हणते, सगळे विचारायचे की बंगाली आलं कुठून. त्या मधल्या दिवसांत त्या बाईंचं काय होत असेल, हे कुणी विचारत नव्हतं.

पाऊलखूण | सोमवार, पहाटे ५.१०

न्यू जर्सीतून लिहितेय. मुलगा १७ वर्षांचा. सहा महिन्यांपासून म्हणतो की तो 'सिस्टिम' आहे, आत नऊ जण आहेत. व्हिडिओ बघून हे आलं असं नवऱ्याचं ठाम मत. मी दोघांच्या मध्ये. काय करू?

मनोगती | सोमवार, सकाळी ९.००

पाऊलखूण, नऊ जण खरे की खोटे, हा वाद घरात अजिबात करू नका. तो जिंकूनही काही हाती येणार नाही. त्याला विचारा : तुझा वेळ हरवतो का? केलेली कामं आठवत नाहीत का? झोप कशी आहे? कशाची भीती वाटते? स्वतःला इजा करावीशी वाटते का? या वयात आपण कोण हे शोधताना मुलं जी भाषा मिळेल ती उचलतात. ती भाषा उसनी असली तरी खालचं दुःख खरं असू शकतं. मानसिक आघातावर काम करणाऱ्या उपचारकाकडे तपासणी करून घ्या. इंटरनेटवरच्या प्रश्नावलीवरून निदान होत नाही. २८ प्रश्नांची एक प्रसिद्ध चाचणी आहे, तीही फक्त पुढे तपासायला हवं का एवढंच सांगते.

निरगुडीचा_नवरा | सोमवार, रात्री १०.२०

हे खातं आजच उघडलं. तिच्या परवानगीने लिहितोय.

लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिली सात मला काहीच माहीत नव्हतं. बायको लहरी आहे असं धरून चाललो होतो. निदान झाल्यावर मी एक मोठी चूक केली : उत्सुकता. मी एकेकाला नावाने बोलवायचो, प्रश्न विचारायचो, वहीत तक्ता केला होता. मॅडमनी एकदा समोर बसवून सांगितलं की तुम्ही दारावर थापा मारताय, ती मुलं आत घाबरून बसली आहेत. तक्ता त्याच दिवशी फाडला.

आपली मराठी अशी आहे की क्रियापदच सगळं सांगतं. ती एरवी "मी जेवले" म्हणते. कधी ताटावरून उठताना "जेवलो मी" असं ऐकू येतं, आणि मला कळतं की आता समोर पंधरा-सोळा वर्षांचा, चिडलेला, सगळ्यांचं रक्षण करायला निघालेला मुलगा आहे. कधी मला "काका" अशी हाक येते. ती हाक आली की मी खोलीतला मोठा दिवा लावतो, दार उघडं ठेवतो आणि हात लांब ठेवून बसतो. स्पर्श करायचा नाही, हा आमचा नियम आहे, कितीही जवळ घ्यावंसं वाटलं तरी. तारीख सांगतो, शहर सांगतो, घराची किल्ली दाखवतो : हे घर आपलं, कडी आतून आहे. आलं किसून किंवा तुकडा करून देतो, त्याचा तिखटपणा तिला परत आणतो.

वय काहीही असो, समोरच्या प्रत्येकाशी मी त्याच आवाजात बोलतो. कुणालाही लाडकं करत नाही, कुणाला हाकलत नाही. चिडणाऱ्या मुलाला मी दोन वर्षं शत्रू समजत होतो. सगळ्यात जास्त मार त्याने खाल्लाय, हे मला फार उशिरा कळलं.

मुलीला आम्ही ती आठ वर्षांची असताना सांगितलं : आईला लहानपणी खूप भीती वाटली होती, ती भीती कधी कधी परत येते, तेव्हा आई वेगळं बोलते, त्यात तुझी चूक नसते, बाबांना हाक मार. तिने विचारलं, "मी आईला सांभाळायचं का?" आम्ही म्हटलं, नाही, ते मोठ्यांचं काम.

माधुकरी | सोमवार, रात्री ११.००

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. दोघांनाही नमस्कार. उपचारांत नक्की काय होतं? आणि ज्यांना असं काही जाणवतंय त्यांनी कुठे सुरुवात करावी?

मनोगती | मंगळवार, सकाळी ८.१५

डीआयडीवर थेट गोळी नाही. झोप, नैराश्य, चिंता यांना औषधं मदत करतात. मुख्य उपचार बोलण्याचे, आणि ते वर्षानुवर्षं चालतात. आधी सुरक्षितता आणि रोजचं आयुष्य स्थिर करणं, मग झेपेल तेवढंच आघाताला भिडणं, मग आतल्या भागांनी एकत्र जगायला शिकणं. पहिला टप्पा घाईने ओलांडला तर माणूस कोसळतो. या रुग्णांत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण खूप मोठं आहे, म्हणून तो टप्पा लांबला तरी चालेल. सगळे भाग विरघळून एक होणं काहींना हवं असतं, काहींना नको असतं. दोन्ही निवडी मी मानते.

सुरुवात मानसोपचारतज्ज्ञाकडे करा, फिट किंवा मेंदूचं दुसरं कारण नाही ना हे तपासून घ्या, सोबत नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधा. आघाताचं काम करता का, हे पहिल्याच फोनवर विचारायला संकोचू नका. तातडीची वेळ असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपण बरे असताना लिहून ठेवू शकतो की संकटात मला कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि निर्णय कुणी घ्यावा. डीआयडी असलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो.

निरगुडी | मंगळवार, रात्री ९.५०

माधुकरी, माझ्या उपचारातलं एक सांगते.

आमची एक वही आहे, दोनशेपानी, स्वयंपाकघरात कालनिर्णयखाली टांगलेली. जो कुणी बाहेर असेल त्याने लिहायचं : काय केलं, काय आणलं, कुणाला काय कबूल केलं. सुरुवातीला पानं कोरी राहायची. मग एकदा खडूने काढलेलं घर दिसलं, त्याला दार नव्हतं. मग ठसठशीत, डावीकडे झुकलेलं अक्षर आलं : "माझ्यावर पाळत ठेवू नका." हळूहळू वही भरू लागली. आता आठवड्यातून एखादाच तास हरवतो, आणि तो कुठे गेला हे बहुधा वहीत सापडतं.

इंग्रजीत 'वी' म्हटलं की झालं. आपल्याकडे दोन शब्द आहेत, आणि मी पाच वर्षं त्या दोन शब्दांच्या मध्ये अडकले होते. आधी आत प्रत्येक जण फक्त 'मी' म्हणायचा, बाकीचे 'ती' आणि 'तो'. मग मॅडमशी बोलताना 'आम्ही' यायला लागलं. पण 'आम्ही' म्हणताना समोरचा बाहेर राहतो, आणि आत एकमेकांशी बोलतानाही कुणीतरी बाहेर राहायचंच. ऑफिस सांभाळते ती थोरली, तिने पहिल्यांदा वहीत लिहिलं, "आपण उद्या सुट्टी घेऊ." ते पान मी जपून ठेवलंय. धाकटी आता कधी कधी 'आपण' लिहिते. मुलगा मात्र कधीच नाही. त्याचं सगळं 'मी' आणि 'तुम्ही लोक'.

हा धागा काढायच्या आधी मी वहीत विचारलं होतं. थोरलीने 'हो' लिहिलं. त्याने काहीच लिहिलं नाही, म्हणून भीत होते. आज संध्याकाळी घरी आले तर डावीकडे झुकलेल्या अक्षरात तीन ओळी होत्या. तो म्हणतोय की इथे उतरवलं तर चालेल :

"वाचलं. माझं नाव नाही लिहिलं ते बरं केलं. भेंडी मुलीला आवडते म्हणून आपण आणली होती."

माधुकरी | मंगळवार, रात्री १०.०५

त्याला सांगाल का, वाचलं म्हणून?

निरगुडी | मंगळवार, रात्री १०.०८

वहीत लिहून ठेवते.